एकच रकाना

किसुमूला सूर्य तळ्यातून उगवत नाही,
शहरामागून येतो, गोदामांच्या पत्र्यांवरून.
तोवर तळं केव्हाच जागं झालेलं.

डुंगाच्या धक्क्यावर ओबुरा
रंगाच्या रिकाम्या डब्यानं होडीतलं पाणी उपसतो.
अपोंडी लेसोच्या टोकानं दुर्बीण पुसते.
वही माझ्याकडे. एक पक्षी, एक रेघ;
पाचवी आडवी.

"कवड्या खंड्या. चार. नाही, पाच."
"आणि बगळे?"
"थांब, उडू देत. उडाले की मोजते."
बसलेल्या थव्यावर तिचा विश्वास नाही.

किनाऱ्याला कोणी गाडी धुतंय
गुडघाभर पाण्यात उभं राहून.
साबणाचा फेस लांबवर येतो
आणि त्यातूनच एक पाणकावळा डोकं वर काढतो,
चोचीत मासा.
लिहिला.

मग जलपर्णी.
काल बंदर होतं तिथं आज कुरण,
वारा नेईल तिकडे जाणारं.
त्यावर एक कमळपक्षी,
पाण्याला न कळता चालणारा.
"याला पाय किती?" अपोंडी विचारते.
मी हसतो. ती हसत नाही.
"बघ."
पंखांखालून लोंबतायत काड्या, बारीक, लांब बोटांच्या.
बापानं पिल्लं काखोटीला मारलेली.
पाय आठ. पक्षी?

फॉर्मवर रकाना एकच.
"एक लिही," ती म्हणते. "दिसला तो एक."
"चार लिही," वल्ह्यावर रेलून ओबुरा,
"नाहीतर आमच्या घरी येऊन सांग,
पोटातलं धरत नाहीत म्हणून."
मी एक रेघ मारली.
तिच्याशेजारी तीन टिंबं, पुसट.

दुपारी वारा फिरला.
आम्ही हिप्पो पॉइंटला पोचलो
तर सकाळचं बेट आधीच तिथं.
तीच निळी फाटकी पिशवी अडकलेली,
तोच लव्हाळ्याचा मोडका झुबका,
आणि कमळपक्षी. तोच असावा.
पंख सैल. पाय दोन.

ओबुरा या वेळी काही बोलत नाही.
अपोंडीचा डोळा काचेला चिकटलेला.
पान. पान. पिशवी. पान.
पानाखाली काहीतरी हललं,
किंवा लाट होती.

बाजारातून मटाटूंचे हॉर्न,
तळलेल्या माशाचा वास.
टिंबांवर पेन्सिल टेकवून मी थांबलेला.
"होडी चारला परत द्यायचीय," ओबुरा हळूच म्हणतो.
"माहितेय," ती म्हणते,
आणि हातानंच खूण करते:
जरा डावीकडे घे.