चौदा आणे

बँकेत पाव तास लागला.
पासबुकावर दोघांच्या फोटोखाली कन्नडातला शिक्का,
काउंटरवरच्या पोरीनं बोट ठेवून वाचला:
दोघांपैकी कुणीही, नाहीतर उळिदवरु.
म्हणजे काय गं, मी विचारलो.
म्हणजे मागं राहील तो, मावशी. तुम्हीच की.
चौतीस हजार दोनशे. सही इथं.

मला वाटलं घराचंही तसंच.
वडगावातलं घर, वीस बाय तीस,
पुढं दोन माग, मागं आम्ही.
कागद दोघांच्या नावावर व्हावा म्हणून
बसवंत एजंटाशी भांडला होता कचेरीच्या दारात:
"अर्ध्या कांड्या तिनं भरल्यात. लिही."

मठपती मास्तर चिंचेखाली बसतात, स्टॅम्पपेपरवर दगड ठेवून.
खरेदीखत उलगडून त्यांनी वाचलं,
कन्नडाचं मराठी करत, सावकाश,
तुटलेला धागा जोडत जावा तसं.
"तो शब्द यात नाही, यमुनाक्का.
बँकेचा शब्द बँकेपुरता.
घर सोळा आणे धरा. आठ तुमचे, ते तुमचेच होते.
त्याचे आठ तो गेल्यावर फुटले.
दोन तुम्हाला, दोन श्रीधरला, दोन मेघनाला."
सहाच झाले, मी म्हटलो.
"दोन त्याच्या आईला."

अर्जाचं नाव पौती खातं.
मी पावती ऐकलो.
पावती कुणाला द्यायची, हे विचारायचं राहिलं.

रात्री टेप घेऊन मोजलो.
दोन आणे म्हणजे पंच्याहत्तर फूट:
मोरी, चूल, आणि बसवंत बिडी ओढत बसायचा ती पायरी.
एक माग मावत नाही त्यात,
भोवती फिरायला जागा धरली तर.
आणि मला वाटायचं, वारसा वरून खाली येतो
म्हणूनच कागदाला उतारा म्हणतात.
हा तर चढ चढून बेळगुंदीला गेला,
शहाऐंशी वर्षांच्या बाईकडं.

पोरांनी हक्कसोड केली, चहा थंड व्हायच्या आत.
मग तायक्का आली, बसमधून, नातवाच्या खांद्याला धरून.
मास्तरांनी शाईचा पॅड पुढं सरकवला.
तिनं अंगठा पदराखाली घेतला.
"पैसा नको मला. पर अंगठा न्हाई देत.
माझ्या नावावर एवढाच उरलाय तो."
मेघना चिडली. आजी, दोन आण्यांचं काय करणार तू?
"तुझ्या बापाला न्हाऊ घालायला
ह्याच्याहून कमी जागा लागत हुती."

मास्तरांनी पॅडचं झाकण लावलं.
मी म्हटलो, राहू दे. चौदा माझे, दोन तिचे. लिहा.
परत दोन नावं.
तो शब्द आता तरी घालता येतोय का, उळिदवरु?
"नाही येत," मास्तर म्हणाले.
"तुमच्यातली जी आधी जाईल, तिचं पुन्हा फुटेल."
आणि फी घेतली नाहीत त्या दिवशी.

तायक्का त्या रात्री आमच्यातच राहिली.
मेघना बॅग भरत होती, पुण्याची गाडी साडेनऊची;
जाता जाता माझं बोलणं दुरुस्त केली:
"आले म्हण आई, गेले म्हण. आलो, गेलो काय?
तू बाई आहेस."
असेल. पण वडगावात आम्ही बायका
आलो म्हणतो, जेवलो म्हणतो,
बसवंत आणि मी एकाच शब्दावर
एकतीस वर्षं जेवलो.

तिला सोडून परत आलो तर माग बंद.
अर्धं लुगडं तसंच, काठ हिरवा.
दाराला कडी घातलो
आणि का कुणास ठाऊक, मोठ्यानं म्हणालो:
उरलो.

आतून, चुलीपाशी अंथरलेल्या वाकळेवरून,
झोपेतच तायक्का विचारली,
कोण रे?
मी, म्हटलो.