विळा

बावीस वर्षं मी हीच स्लाइड पाहिली,
प्रयोगशाळेचा माणूस, मागच्या दाराशी उभा:
डावीकडे गोल पेशी, उजवीकडे विळ्यासारखी,
खाली व्याख्या.
तीनशे माना खाली, तीनशे पेनं पळतायत.
परीक्षेत व्याख्या परत यायची जशीच्या तशी,
धुतलेली, घडी घातलेली,
एकदाही न वापरलेली.

यंदा अपोंडीबाईंनी प्रोजेक्टर लावलाच नाही.
खिडकीतून किसुमूचं सरोवर आत येत होतं,
वाळत घातलेल्या ओमेना मासळीचा वास.
म्हणाल्या, "जीव घेणारा आजार
इतक्या पिढ्या टिकलाच कसा?
मला नको सांगू. शेजाऱ्याला सांग."

आधी कुणी बोलेना.
मग कुजबुज, मग भर बाजार.
शाप, म्हणालं कुणी. रक्तातलं, म्हणालं कुणी,
आणि रक्तातलं म्हणजे काय यावरून
दोघं हातघाईवर आले.

तिसऱ्या रांगेतली नाफुला उठली.
"माझा भाऊ रात्री हाडं धरून रडतो.
मला मात्र लहानपणापासून
मलेरियानं कधी आडवं पाडलं नाही.
आई एकच आमची.
बाई, या दोन गोष्टी… एकच आहेत का?"

बाईंनी खडू उचलला होता.
तो खाली ठेवला.
"पुढे बोल," म्हणाल्या.

कपाट उघडून मी मायक्रोस्कोप बाहेर काढले,
कुणी सांगितलं नव्हतं.
तास संपल्याची घंटा झाली, ती मी ऐकली,
बाकी कुणी ऐकली का, ठाऊक नाही.

वेळापत्रकानुसार त्या दिवशी
आम्ही दीड धडा मागे पडलो.