गेरुवाकाठी सात तास

सकाळी सहाला वाळूत बसलो,
आता एक वाजत आलाय.
बर्दियात जीपपेक्षा पाय बरे, म्हणाला होता लौटन थारू,
आणि हातातली काठी दाखवली होती.
फक्त काठी.
मी विचारलं, वाघ आला तर?
म्हणाला, तेवढ्यासाठीच तर आलाय ना तुम्ही.

समोर पाणमांजरांचं एक कुटुंब
एका माशावरून भांडतंय.
त्यांचेच चाळीस फोटो काढून झालेत.
लौटन बघतही नाही तिकडे.
तो पलीकडच्या शिसवांवर डोळा ठेवून
केळीच्या पानातली ढिकरी सोडतो,
अर्धी माझ्या हातावर ठेवतो
मान न वळवता.

तो वाघ म्हणत नाही. 'ती' म्हणतो,
शेजारची कुणी बाजाराला गेलीय
आणि यायला उशीर झालाय, तसं.
आमच्याकडे म्हणतात, वाघ म्हटलं तरी खातो,
वाघोबा म्हटलं तरी खातो.
सांगावंसं वाटलं त्याला.
पण म्हणीचं भाषांतर करायला
कुजबुज पुरत नाही.

मग चितळ ओरडलं. एकदाच.
लौटनचा घास थांबला.
पुन्हा ओरडलं, वरून वानरं खाकरली,
आणि पलीकडचं गवत हललं,
वाऱ्यानं हलतं तसं नाही,
कुणी मधोमध भांग पाडत यावं तसं.

माझी पहिली आठ छायाचित्रं निव्वळ काळोखाची.
वाळू उडते म्हणून लेन्सला झाकण लावलं होतं
आणि मी झाकणातून वाघीण शोधत होतो.
लौटननं हात लांबवून ते काढलं,
लहान मुलाचं नाक पुसावं इतक्या सहज.

ती पाठमोरी उतरली पाण्यात,
आधी मागचे पाय, मग कंबर,
गार पाण्याला बिचकणाऱ्या म्हातारीसारखी.
बसली. आमच्याकडे पाहिलं.
नाही, आमच्या दिशेला पाहिलं,
तिथं आम्ही होतो एवढंच.
मग उठली, आणि गवतानं भांग मोडला.

"मोठं करा," लौटन म्हणाला.
मी डोकं मोठं केलं. डावा कान. कानाला खाच.
"हीच."
दोन वर्षांमागं, माघात,
छपराचं खर कापायला गेला होता बाप.
मी काय बोलणार.
तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला,
"अंगानं भरलीय आता."
आणि केळीच्या पानाची घडी घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी त्याच्या ओसरीवर
आईनं, जगरानीनं, कॅमेरा मागितला.
कोपरापर्यंत गोंदलेले हात, बोटांना मोहरीचं तेल;
तापलं भांडं धरावं तसा धरला.
पाहिलं. पुष्कळ पाहिलं.
मग अंगठा ठेवला
बरोबर वाघिणीच्या डोळ्यांवर.

"हिला आमचं घर दिसू नये, म्हणते,"
लौटननं हसत सांगितलं.
हसत होता, पण कॅमेरा
तिच्या हातून काढून घेत नव्हता.

आता मच्छरदाणीत बसून मी फोटो बघतोय.
पडद्याच्या मधोमध तेलाचा ठसा,
त्याच्या रेघांतून तिचे पट्टे नीट लागत नाहीत.
पुसायची फडकी आहेत बॅगेत, तीन आहेत.

झाकण मात्र तिथंच वाळूत राहिलं.
उद्या आणू, म्हणालाय लौटन,
तिच्या आधी पोचलो तर.