मंगळवारची टेप

तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून मी घेऊन आले
एक जाड फाइल, एक फुकटचं पेन
आणि चार रकान्यांचा तक्ता:
करणारा कोण, उत्तर देणारा कोण,
विचारायचं कोणाला, नुसतं कळवायचं कोणाला.

मस्जिद बंदरच्या आमच्या सहकारी बँकेत
जुन्या दप्तरखान्यात सर्व्हर आहे.
खिडकीखाली सुक्या मिरचीची पोती उतरतात,
एसीची जाळी महिन्याभरात लाल होते
आणि शिंकल्याशिवाय कोणी पासवर्ड टाकत नाही.

पहिल्या बैठकीत मी म्हणाले, "गव्हर्नन्स."
वालावलकर साहेब म्हणाले, "म्हणजे रजिस्टर ना?"
मी हो म्हणाले, आणि तो दिवस तिथेच हरले.

तक्ता मराठीत उतरवताना अडले.
करतो तोही जबाबदार,
ज्याच्या मानेवर येतं तोही जबाबदार.
आपल्या भाषेत दोघं एकाच खुर्चीत बसतात
आणि वेळ आली की दोघंही उठून जातात.

मग टेबलाटेबलांवरून हिंडले.
पासवर्ड कोण बदलतं? सिस्टिम.
सिस्टिम कोण बघतं? व्हेंडर.
व्हेंडरला कोण विचारतं?
तोच फोन करतो, बिल पाठवलं की.
बॅकअप इमारतीबाहेर कोण नेतं?
इथे सगळे थांबले.
डिस्पॅचची फ्लोरी म्हणाली,
"ते घाग नेतात ना. डब्याच्या पिशवीतून."

अकरा वर्षं.
भिवाजी घाग, शिपाई म्हणून लागलेले,
रोज सहाला टेप काढतात, फडक्यात गुंडाळतात,
आणि भांडुपला, टेकडीवरच्या खोलीत,
देवाच्या फळीखाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
बँकेची सत्तावीस हजार खाती झोपतात.
"सांगितलं कोणी?"
"शिंत्रे साहेबांनी. ते वारले."
"कळवता कोणाला?"
"बायकोला. नाहीतर ती त्यात लाडू भरेल."

मी त्यांचं नाव लिहू लागले.
"नको मॅडम, लिहिलेलं नाव आधी सापडतं.
निवृत्तीला सात महिने राहिलेत."
पेन्सिलने लिहिलं होतं.
खोडलं नाही. गडदही केलं नाही.

शनिवारी त्या टेपा वाचून पाहिल्या,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
सोमवारच्या टेपेला कापराचा वास, पण पैसा न् पैसा जुळला.
बुधवार आला, गुरुवार, शुक्रवार.
मंगळवार कोरा.
घाग पडद्याकडे बघत राहिले.
"मी तर नेत होतो," म्हणाले. "पावसात पण नेत होतो."
ते नेत होते.
काय नेतोय ते बघणं
कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

"मग मेमो कोणाला द्यायचा?" साहेबांनी विचारलं.
मी तक्त्यात एक ओळ वाढवली: टेप वाचून पाहणे.
करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, शाईने.
विचारायचं कोणाला, तिथे घाग.
त्याला त्यांची हरकत नव्हती.
उरला उत्तर देणाऱ्याचा रकाना.
तिथे एकच नाव मावतं, असं शिकवलं होतं.

कागद साहेबांपुढे सरकवला,
वर ते फुकटचं पेन.
त्यांनी बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं.
"हे चालतं का?"
"चालतं," मी म्हणाले,
"आधी जरा झटकावं लागतं."