भोकाचा पैसा

चटईच्या कारखान्यात तीन पाळ्यांच्या दोन झाल्या,
दोनाची एक,
मग वॉचमन बऱ्हाटे तेवढा पाळीवर राहिला.
प्लास्टिकच्या दाण्याचा वास अजून शर्टात आहे,
धुतला तरी जात नाही.
पगार लगेच गेला.

आता भर दुपारी, जळगाव तव्यावर असताना,
कूलरसमोर बसून मी बिस्किटांचा डबा उघडतो.
एकवीस शिवराया. काठ तासलेला एक चांदवडी रुपया.
ढब्बू पैसे, मुठीत मावतील तेवढे.
आणि भोकाचा पैसा, लढाईच्या सालातला:
तांबं पुरेना म्हणून सरकारनं मधोमध पोखरून घेतलेला.
वर मुकुट आहे,
राजाच्या तोंडाच्या जागी आरपार भिंत दिसते.

सालाखाली हिरा असला की मुंबईची टांकसाळ,
तारा असला तर हैदराबाद,
काहीच नसलं की कलकत्ता.
काहीच नसणं हीसुद्धा खूण असते,
हे मी वीस वर्षं भंगारवाल्यांच्या गोणपाटाशी
उकिडवं बसून शिकलो.
माझ्या हजेरीच्या कार्डावर एप्रिलपासून काहीच नाही.
कुठली टांकसाळ म्हणायची?

चारुशीला बोलत नाही.
दळणाचा डबा उचलताना नाण्यांच्या डब्याकडे बघते,
रांगेत मधेच घुसलेल्या माणसाकडे बघावं
तशी.

शेवटी गेलो. गोलाणी मार्केट, तळमजला, तैयबअलीचं दुकान.
"सगळं गाव विकायला आलंय, झोपे," तो म्हणाला,
"घेणारा मी एकटा. आणि मीही विचारात आहे."

माझ्या पुढे सातपुड्यातून उतरलेली सायकीबाई होती.
तिनं गळ्यातली माळ काढून काचेवर ठेवली:
चांदीचे अकरा रुपये,
प्रत्येकाच्या डोक्यावर डाग देऊन बसवलेली कडी.
"टाका लागलेलं नाणं संग्रहात चालत नाही,"
तैयबअली माझ्या कानाशी पुटपुटला
आणि ताजव्यावर फुंकर मारली.
राण्यांची, राजांची नाकं उरली नव्हती.
सासू, सून, घाम, होळीचे नाच,
सगळ्यांनी मिळून पुसली होती.
मी सवयीनं मनात प्रत लावली: खराब.
मग परत घेतली.
कुणाला कळायचं कारण नव्हतं.
ती पैसे मोजून गेली, गळ्यावरच्या पांढुरक्या पट्ट्यासकट.

माझ्या शिवराया त्यानं मूठभर शेंगांसारख्या चाळल्या.
चांदवडी रुपया काचेवर आपटून ऐकला, दोनदा.
भाव सांगितला तो मी चारुशीलालाही सांगितला नाही.
वरचे ऐंशी त्यानं दहाच्या नाण्यांत दिले,
"सुट्टं आहे, घ्या."
ती घेऊन किराण्यात गेलो तर वाणी म्हणतो,
"दहाचं नाणं चालत नाही."
सरकारचं आहे म्हटलं.
"असेल. गिऱ्हाईक घेत नाही."
हसलो मी. खरंच हसलो, उडदाच्या पोत्याला टेकून.
जुनं देऊन नवं आणलं,
आणि तेही संग्रहातच जमा झालं.

भोकाचा पैसा तेवढा खिशात राहून गेला होता.
तैयबअलीनंच सरकवला होता परत:
"ह्याला काय घ्यायचं. ठेवा."

तिसऱ्या दिवशी पाणी आलं, पहाटे चारला,
आणि मोरीचा नळ जोडापासून गळायला लागला.
वायसर झिजलेला. दुकानं बंद.
बादलीत टप्, टप्,
चारुशीला पदर खोचून उभी.
मी पैसा काढला, तारीख एकदा अंगठ्यानं चाचपली,
रबराच्या तुकड्यावर बसवला आणि पान्यानं आवळला.
मुकुट आत गेला. साल आत गेलं.
हिरा होता की तारा, बघायचं राहूनच गेलं.

"थांबलं व माय!" ती म्हणाली,
आणि कित्येक आठवड्यांनी
हात लावून बघितला तिनं
माझ्या एखाद्या नाण्याला.