वजनकाटा

गावाबद्दल विचारायचं तर मला विचारा.
कुंभवण्यात जे येतं आणि कुंभवण्यातून जे जातं
ते आधी माझ्या लोखंडी फळीवर उभं राहतं,
भरलेलं, मग रिकामं,
आणि मधली वजाबाकी मी छापून देते.
पावती गुलाबी.
एक ड्रायव्हरला, एक गेटला, एक खिळ्याला.

जुना काटा शेडमागे पडलाय, करवंदीच्या जाळीत.
त्याच्या दांडीवर उठावाच्या अक्षरांत बर्मिंगहॅम.
इस्माइलभाई परकार रोज त्या अक्षरांना तेल लावायचे.
म्हणायचे, हेही आपल्यासारखंच गाव असणार,
धुराचं, घाईचं, तोंडाने फटकळ,
पाहुण्याला आधी "काम काय?" विचारणारं
आणि मग चहा सांगणारं.
ते कधी तिकडे गेले नाहीत. मीही नाही.
पण बावीस वर्षं ती दांडी
एका किलोनेही खोटं बोलली नाही,
तेव्हा गाव वाईट नसणार.

आमचं कसं आहे?
नखांवरून माणूस ओळखावा, असं.
पिवळी नखं म्हणजे तीन नंबरचा प्लॉट,
निळी म्हणजे रंगवाले,
कोरी ज्याची, तो बँकेतला
नाहीतर कामावरून काढलेला.
वास येतो, हो.
आम्हाला तो फक्त सुट्टीच्या दिवशी कळतो,
नसतो तेव्हा.
मोहोर पूर्वीसारखा धरत नाही, असं जो म्हणतो
तोच त्याच दमात म्हणतो
की पूर्वी दहा तारखेला पगारही होत नव्हता.
दोन्ही खरं. आम्ही भांडत बसत नाही,
पावणेतीनचा भोंगा होतो.

धर्मा पड्याळ खाडीत पाग टाकायचा.
आता सांडपाण्याच्या वॉल्व्हवर असतो, खाकीत.
ओहोटी कधी लागते, कुठवर ओढते,
हे सायबाच्या तक्त्यापेक्षा त्याच्या पोटऱ्यांना जास्त ठाऊक,
म्हणूनच ठेवलाय.
"पानी फिरल्याबिगर सोडू नुको," नव्या पोराला सांगतो
आणि खाडीकडे पाठ करून उभा राहतो.
पाग अजून खुंटीवर आहे.
शिसं काढून विकलं.
वजन मीच केलं होतं, छोट्या काट्यावर,
चार किलो दोनशे.

शिमग्याला इथली अर्धी शिफ्ट गायब होते.
बॉयलर तेव्हा बालासोरचा पीतांबर जेना सांभाळतो,
तो आणि त्याचा मेहुणा, सोळा सोळा तास.
गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला,
म्हणून पालखी फाट्यावरून वळवली
आणि देवी माझ्या काट्यावर आली.
मशीन चालू होतं.
दांड्याखाली पिवळी नखं, निळी नखं,
ढोल असा, की काचा थरथरल्या.
हिरवे आकडे म्हणाले सहाशे चाळीस,
मग पाचशे पंधरा, मग सातशे नव्वद,
मग एक क्षण नुसतं शून्य.
नाचत्या वस्तूची पावती निघत नाही,
मशीनलाच तसं शिकवलंय.
तरी मी बटण दाबून धरलं.
का, ते माहीत नाही.
पीतांबर काजळी भरल्या हातांनी गेटपर्यंत आला,
हात जोडावेत की आधी पुसावेत
यात पालखी निघून गेली.

त्या दिवसाच्या रजिस्टरात मी एक ओळ कोरी सोडलीये.
ऑडिटरने विचारलं. म्हटलं, गाडी थांबली नाही.

रात्रीची शेवटची ट्रेलर बंदराकडे जाते.
ड्रमांवर निळ्या स्टेन्सिलने आमच्या गावाचं नाव,
स्पेलिंग चुकलेलं, दरवेळी वेगळं.
कुठेतरी समुद्रापलीकडे
एखादी बाई ते उतरवून घेताना वाचेल,
नीट वाचता येणार नाही तिला,
नाकाला पदर नाहीतर जे काय तिकडे लावतात ते लावेल,
आणि माझ्यासारखीच
ड्रम फळीवर ठेवून आकडा थांबायची वाट बघेल.

तो मात्र बरोबर निघेल.