साक्षीदाराला काही नाही

हॅलिफॅक्समध्ये चिप्सच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर,
वकीलबाईंचं ऑफिस. जिन्यातच तळणीचा वास.
मिस हारग्रीव्ह्ज पेनचं टोपण काढतात
आणि माझ्या मरणाबद्दल बोलू लागतात,
बसचं वेळापत्रक सांगावं तसं:
तुम्ही आधी गेलात तर.
मुलगा तुमच्या आधी गेला तर.
सगळेच एकदम गेलात तर.
मी म्हणते, तुमचा चहा गार होतोय, बाई.

तेहतीस वर्षं वॉर्डात रात्रपाळी केली.
मरण मला नवं नाही.
नवं आहे ते स्वतःच्या हातानं
स्वतःला भूतकाळात लिहिणं.

घर अर्धं शर्वरीला, अर्धं निनादला.
हे सोपं.
पेन्शन माझ्याबरोबर संपते, तेही सोपं.
बांगड्या चार. सुनेच्या हातात चढत नाहीत,
लेकीला सोनं आवडत नाही.
लिहा, ज्याला जड होणार नाहीत त्याला.
असं लिहिता येत नाही, त्या म्हणतात.

संगमेश्वराकडे आमचा एक फणस आहे.
सातबाऱ्यावर त्याला एकोणीस नावं,
अकरा त्यातली वारलेली,
शेवटून दुसरं माझं, तेही चुकलेलं: मंदाकीणी.
गरे कोण खातं देव जाणे.
त्या एका झाडापायी थोरला भाऊ
धाकट्याच्या दहाव्याला आला नाही.
म्हणून तर मी इथं,
धडधाकट, शुद्धीत,
दोनशे चाळीस पौंड मोजून.

वाटा.
आपल्याकडे एकच शब्द,
हिस्सा म्हटला तर एक,
रस्ते म्हटले तर कितीतरी.
मुलं दुसरा अर्थ घेऊन केव्हाच गेली,
एक ब्रिस्टलला, एक कॅल्गरीला.
पहिल्याचं त्यांनी कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं वाटलं असतं का, कोण जाणे.

आणि अलॉटमेंट? मी विचारते.
कालव्यापलीकडचा सत्तावीस नंबर.
एकवीस वर्षं खणतेय.
चिकट पिवळी माती, कुदळ सोडायची नाही;
तबेल्यातली लीद घातली, चहाचा चोथा घातला,
रविवार घातले.
आता जूनमध्ये मेथी येते, दोन बोटं उंच,
परक्या घरी आलेल्या पोरीसारखी अंग चोरून,
पण येते.
ह्यांची मूठभर राख तिथंच आहे,
कौन्सिलला न विचारता.
रुबार्ब तेव्हापासून जोरात आहे.
(हे मी बाईंना सांगितलं नाही.)

बाई कागद चाळतात.
तो तुमचा नाही, म्हणतात. भाड्याचा.
तुमच्यानंतर यादीतल्या पुढच्या माणसाचा.
मी पर्सचं बक्कल उघडलं, मिटलं,
पुन्हा उघडलं.

मग सह्या. साक्षीदार दोन,
आणि कायदा असा की साक्षीदाराला
मृत्युपत्रातलं काही मिळता कामा नये.
मी आणले होते ते दोघं खुर्च्यांवर बसलेले:
शेजारची डोरीन, जिनं ह्यांच्या शेवटच्या आठवड्यात
आमचा कचऱ्याचा डबा न सांगता बाहेर ठेवला;
आणि छत्तीस नंबरचा इफ्तिखार,
ज्यानं रुबार्बजवळ खड्डा खणून दिला
आणि कशाला, ते विचारलं नाही.
ज्यांनी पाहिलं, त्यांना काही नाही.
बरोबरच आहे म्हणा. त्यांनी सही केली,
डोरीननं जीभ दातांत धरून, शाळकरी अक्षरात.

उतरताना जिन्यात
मी पिशवीतून हॉर्लिक्सची बाटली काढली.
यंदाचं मेथीचं बी,
वर दोऱ्यात ओवलेली शेडची किल्ली.
डोरीन, हे मेल्यावरचं नाही, म्हटलं. आजचं आहे.
तिनं बाटली उजेडात धरली, हलवून पाहिली.
म्हणाली, यादीत माझा नंबर सदतिसावा आहे गं.

मग मला थोडं थांबावं लागेल, मी म्हटलं,
आणि आम्ही तिघांनी चिप्स घेतल्या.